खोल खिशांच्या ताई

ताईंच्या प्रत्येक कुर्त्याला दोन खोल खिसे असत. शिंप्याला वाटायचं, बाई कुठून तरी काही ढापून आणत असणार. पण खिसे रिकामेच. ते हातांसाठी होते. ज्यांना एकट्यानं राहणं जड जातं, त्यांना स्वतःच्या खोलीत राहायला शिकवणाऱ्या संस्थेत त्या कामाला होत्या, आणि त्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे काही न करणं. पहिल्याच वर्षी त्यांनी एका आजोबांची भांडी घासून दिली. आजोबांनी पुढचे आठ महिने भांड्यांना हात लावला नाही. तेव्हापासून खिसे.

सध्या त्यांच्याकडे चौतिशीचा एक दादा होता. समज संथ, हट्ट पक्का. तीन महिन्यांच्या बोलीवर आईचं घर सोडून आलेला. आज तपासणीचे साहेब येणार होते; ते नाही म्हणाले की दादाची पिशवी परत आईकडे. आईही आली होती, आणि आल्या आल्या उशी झटकायला लागली होती.

"काकू, हात खिशात," ताई म्हणाल्या.

"माझ्या कपड्यांना खिसा नाही."

"मग हाताची घडी घाला."

साहेब आले ते थेट भिंतीवरच्या तक्त्यापाशी. गॅस बंद, नळ बंद, कडी लावली, अशा रोज झोपण्याआधी खुणा करायच्या. सगळ्या रकान्यांत खुणा होत्या. महिना संपायला अकरा दिवस होते.

"न उजाडलेल्या दिवसाचा गॅस कसा बंद केलास रे?"

"करायचाच आहे ना," दादा म्हणाला. "सगळ्या एकदम करून टाकल्या. पेन सारखं शोधावं लागतं."

गेल्या खेपेला ताईंनी तक्ता पाहिलाच नव्हता.

"म्हणजे हा तक्ता बाद," साहेब म्हणाले. "चहा करून दाखव."

दूध वर यायला लागलं. आई उठली. ताईंनी हात खिशातच ठेवून खांद्यानं वाट अडवली. आतल्या मुठी मात्र घामेजल्या होत्या. दूध काठाशी आलं, थोडं सांडलं. दादानं गॅस बंद केला, शेगडी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं आणि वाकून बटण पुन्हा पाहिलं. कप तीनच होते. ते तिघांना दिले आणि स्वतः वाटीतून प्यायला.

साहेब हात धुऊन आले.

"साहेब, नळ," दादा म्हणाला.

"काय झालं?"

"थेंब पडतोय. नीट बंद करा. तक्त्यात आहे ते."

साहेब परत गेले आणि नळ घट्ट पिळून आले. मग त्यांनी कागदावर लिहिलं: 'एक वर्ष राहू द्यावे. तक्ता रोजच्या रोज भरावा. पेन बांधून ठेवावे.'

निघताना आई म्हणाली, "अभ्रा तरी नेते धुवायला."

"बुधवारी धुतो मी," दादा म्हणाला आणि आतून कडी लावली.

जिन्यात आई थांबली. "तुमचा शिंपी कुठे बसतो हो?"

ताईंनी पत्ता तोंडीच सांगितला. लिहून द्यायला पेन नव्हतं. त्यांचं पेन आत तक्त्याला दोरीनं बांधलेलं होतं.