उतरणीचे शब्द

माणसाला वर चढायला पाय पुरतात, खाली उतरायला मात्र शब्द लागतात, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या काशीत एकच आहे, आणि माझं नशीब असं की पाच वर्षं मी त्याचीच भाडेकरू होते. बँकेने माझी बदली साताऱ्याहून उचलून थेट बनारसला केली. मराठी बोलणारं घर मिळालं याच आनंदात मी घरमालकाची फारशी चौकशी केली नाही. मंगला गौरीच्या गल्लीतलं अरुंद घर, खाली काका-काकू, वरची खोली माझी. काका एका इंटर कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. एवढं ऐकून मी सामान टाकलं. संध्याकाळी बँकेतून दमून आले, जिना चढायला लागले, तर प्रत्येक पायरीच्या उभ्या अंगावर खडूने एकेक इंग्रजी शब्द लिहिलेला. एकही ओळखीचा नाही. तेवढ्यात खालून आवाज आला, "बेटा, चौथ्या पायरीवर पाय जपून ठेव. तो शब्द कालच सापडला आहे."

काकांना मेलेले इंग्रजी शब्द जमवायचा नाद होता. तेही सरसकट नाहीत. इंग्रजांनी कधीकाळी वापरून टाकून दिलेले, आणि ज्यांचा अर्थ उतरणे, वाकणे, नमणे, स्वतःकडे कमीपणा घेणे असा आहे, तेवढेच. त्यांचा एक जुना विद्यार्थी एकदा मोठ्या प्रेमाने एक मेलेला शब्द घेऊन आला. कसल्यातरी मांसाच्या कचोरीचं ते नाव होतं. काकांनी त्याला चहा पाजला आणि शब्द परत दिला. "हा मेला त्याचं दुःख आहे मला," म्हणाले, "पण याचं क्रियाकर्म याच्या घरच्यांनी करावं." विद्यार्थी गेल्यावर मला सांगितलं, की चढण्याचे, जिंकण्याचे, मोठं होण्याचे शब्द इंग्रजांनी जपून ठेवले आणि उतरण्याचे फेकून दिले. असं का केलं असावं, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्यामुळे मलाही झोपेत तेच दिसायला लागलं. एकदा मी विचारलं, "काका, शब्द उतरण्याचे, आणि पायरीच्या अशा बाजूला लिहिलेत की फक्त चढणाऱ्याला दिसतात. उतरताना एकही दिसत नाही." काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी विचार केला. चढणाऱ्यालाच त्यांची जरूर आहे."

बरं, शब्द नुसते लिहून ठेवले असते तर कोणाची काही तक्रार नव्हती. काका ते वापरत. त्यांचं म्हणणं असं, की शब्दाला रोज थोडं फिरवून आणलं नाही तर तो आखडतो. 'अव्हेल' म्हणजे खाली करणे, घोड्यावरून उतरणे. एकदा फळीवरची बरणी काढायची होती, तर काकूंना म्हणाले, "ती जरा अव्हेल कर." काकू आतून म्हणाल्या, "आवळे संपले मागच्याच महिन्यात." यावर अर्धा तास शिकवणी झाली आणि बरणी शेवटी मी काढली. 'व्हेल' म्हणजे आदराने टोपी उतरवणे. हा शब्द सापडला तो नेमका पौष महिन्यात. घाटावर अशी थंडी, की माणूस नाकसुद्धा मफलरीबाहेर काढत नाही, आणि हे भेटेल त्या वडीलधाऱ्यासमोर माकडटोपी काढून उभे राहत. माकडटोपी काही एका झटक्यात निघत नाही. ती कानात अडके, चष्मा तिच्याबरोबर वर जाई, आणि तोवर तो वडीलधारा पुढच्या घाटावर पोचलेला असे. महिनाभर सर्दी झाली तेव्हा काकूंनी त्या पायरीवरचा शब्द ओल्या फडक्याने पुसून टाकला. पूर ओसरायला लागला की काका पहाटे पंचगंगा घाटावर जाऊन येत आणि वर्दी देत, "आज गंगाजी दोन पायऱ्या डिव्हॉल झाल्या." हा शब्द स्कॉटलंडकडचा. गंगाजींना चालत असावा, कारण त्या रोज उतरत होत्या.

सगळ्यात मोठी फजिती 'लाउट'ने केली. आज इंग्रजीत लाउट म्हणजे दांडगट, गावंढळ. पण जुन्या काळी लाउट करणे म्हणजे वाकून नमस्कार करणे. अमृतराव घाटावर एक वयस्क इंग्रज गृहस्थ भेटले, त्यांच्याशी काकांच्या तासभर गप्पा रंगल्या, आणि निरोप घेताना काका कमरेत वाकून म्हणाले, "आय लाउट टु यू, सर." ते गृहस्थ एकदम दोन पावलं मागे सरले. काका मात्र घरी आले ते खुशीत. म्हणाले, "त्याचाच शब्द, आणि त्यालाच ओळखता नाही आला."

आता गंमत अशी, की नमतं घेण्याचे शंभराच्या वर शब्द ज्याच्या घरात नांदत होते, त्या माणसाने स्वतः कधी नमतं घेतलेलं मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. वीजवाल्याने फ्यूज दाखवून सिद्ध केलं की दोष घरातल्या तारेत आहे, तर काका म्हणाले, "भई, तुझं चूक आहे असं मी म्हणतच नाही. फक्त माझं बरोबर आहे." काकू म्हणत, "यांच्याकडे एवढे शब्द आहेत, पण सगळे बिनवापराचे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, अजून एकदासुद्धा 'माझं चुकलं' ऐकलं नाही मी." मला हे कोडं सुटेना. ज्याला वाकायचंच नाही त्याला वाकण्याच्या शब्दांचा एवढा सोस कशाला?

कोडं काकूंनीच सोडवलं, वाटाणे सोलता सोलता. ब्रह्मा घाटाच्या वरच्या अंगाला वेदपाठशाळेत शिकवणारे एक गुरुजी होते. काका आणि ते लहानपणापासूनचे जिवाभावाचे मित्र. पोहायला बरोबर शिकले, आणि पुढे पन्नास वर्षं रोज सकाळी घाटावर बरोबर चहा प्यायले. मी येण्याच्या दोन वर्षं आधी आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीला विद्यापीठातले कोणी मोठे साहेब पाहुणे आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून आभार इंग्रजीत मानायचे ठरलं, आणि गुरुजींनी हौसेने ते काम मागून घेतलं. आपली उंची बाजूला ठेवून पाहुणे आमच्यात उतरून आले, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी शब्द वापरला 'कॉन्डिसेंड'. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, समोरच्याला क्षुद्र समजून उपकार केल्यासारखं वागणे. साहेबांच्या भुवया वर गेल्या. आणि काका पहिल्या रांगेतून उठले, गुरुजींच्या हातातून माईक घेतला, आणि भर सभेत चूक समजावून सांगितली, दोन उदाहरणांसकट. सभा पोट धरून हसली. गुरुजींनी हात जोडले, "क्षमा असावी" म्हणाले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशीपासून ते चहाला आले नाहीत.

"यांना वाटलं, मित्राला शिकवलं, पुण्य केलं," काकू म्हणाल्या. "मग एका वर्षाने कबाड्याकडून एक फाटका शब्दकोश घेऊन आले. रात्री वाचत बसले. दोन दिवस जेवण गेलं नाही यांना." त्या शब्दकोशात लिहिलं होतं, की जुन्या काळी कॉन्डिसेंड हा चांगला शब्द होता. मोठ्याने दुसऱ्यासाठी आपण होऊन खाली उतरून येणे, हा त्याचा अर्थ, आणि ते स्तुती म्हणून म्हणत. गुरुजी बरोबर होते, फक्त त्यांना जन्माला यायला उशीर झाला होता. जिन्यावरचा पहिला शब्द त्याच आठवड्यात उमटला.

मी सरळ काकांना जाऊन विचारलं, की मग गुरुजींकडे गेला का नाहीत. काका म्हणाले, "असं आहे बेटा, एका शब्दावर कोण विश्वास ठेवतो? मी त्याचं सगळं खानदान जमा करतो आहे. इंग्रजीत उतरणं ही कधीकाळी इज्जतीची गोष्ट होती, हे एकदा पूर्ण सिद्ध झालं की फाइल घेऊन जाईन." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माफी मागायला फाइल कशाला लागते?" काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला राग आला. चार मिनिटांची वाट, आणि हा माणूस सहा वर्षं पुरावे गोळा करतो आहे, म्हणजे काय म्हणावं? पण रागावूनही उपयोग नव्हता. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि मला त्यांची दयाच यायची.

मग एका रविवारी मीच बातमी आणली. गुरुजींचा मुलगा नाशिकला असतो, तो त्यांना कायमचा न्यायला आला होता. गुरुवारची गाडी. काका ऐकून उभे राहिले, मग बसले, मग म्हणाले, "पण अजून फाइल पूर्ण नाही झाली." काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अहो, तो माणूस जातो आहे," एवढंच म्हणाल्या. पाच मिनिटांनी काका फाइल छातीशी धरून गल्लीत होते आणि त्यांच्यामागे मी, कारण काकूंनी मला डोळ्यांनी तशी खूण केली होती.

पाठशाळेत गुरुजी एकटेच होते, चटईवर बसून पोथ्या फडक्यात बांधत होते. आम्हाला बघून त्यांनी नुसतं म्हटलं, "ये मास्तर. बस." काकांचे गुडघे वाकत नाहीत. मी हात दिला, तरी ते भिंतीला धरून कसेबसे खाली बसले आणि लगेच फाइल उघडून वाचायला लागले. मूळ लॅटिन, मग फ्रेंच, मग कोणत्या काळात अर्थ कसा बदलला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. गुरुजी पोथी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो म्हणतोस?"

"शब्दकोशाप्रमाणे, बिलकुल."

"हे तिला सांगायला पाहिजे होतं," गुरुजी म्हणाले. काकांना कळलं नाही, मलाही नाही. गुरुजी पोथीची गाठ बांधता बांधता सांगत राहिले. "मी ते भाषण आठ दिवस बायकोसमोर म्हणून पाठ केलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला फार कौतुक. सभेत मागे बायकांत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, काय चुकलं हो तुमचं? मला सांगता नाही आलं. मलाच नीट कळलं नव्हतं. दोनदा-तीनदा विचारलं तिने, मग विचारायचं सोडून दिलं. चार वर्षं झाली तिला जाऊन."

काकांनी फाइल मिटली. मग अगदी हळू म्हणाले, "चुकलो रे मी. शब्दाचं नाही म्हणत. माईक घ्यायला नको होता तुझ्या हातातून." आणि माझ्यासमोर, भाडेकरणीसमोर, पंचाहत्तरीचे काका रडायला लागले. गुरुजी उठले, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी चहाला ये घाटावर. साखर कमी केली आहे मी आता."

सोमवार, मंगळवार, बुधवार काका पहाटे साडेपाचला बाहेर पडले आणि नऊच्या आत परतले नाहीत. काय बोलता एवढं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सात वर्षांची बातमी आहे बेटा, अजून दुसऱ्याच वर्षात आहोत." गुरुवारी स्टेशनवर सोडायला आम्ही सगळेच गेलो. गाडी हलल्यावर काका फलाटावर चालत राहिले, जिथवर डबा दिसला तिथवर.

माझी बदली झाली त्यालाही आता वर्ष होईल. नव्या गावी शेजार चांगला आहे, जिना स्वच्छ आहे, त्यावर काहीही लिहिलेलं नाही, आणि मला तो चढताना सुनंसुनं वाटतं. काकांची आठवण आली की आधी त्यांचे शब्द आठवत नाहीत. आठवतो तो गुरुजी गेल्यानंतरचा शुक्रवार. काका नेहमीसारखे पहाटे उठले, आंघोळ केली, मफलर गुंडाळली, चप्पल घातली आणि दारात जाऊन थांबले. काकू म्हणाल्या, "अहो, गाडी काल गेली."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तीन दिवसांत सवय लागून गेली."