पंगतीबाहेरचे मेंबर

काशीच्या दुर्गाघाटावरच्या ढुंढिराज आठल्यांना वेद तोंडपाठ होते, पण जीव सगळा वरुणा नदीपलीकडच्या वीस बिघ्यांत. जमीन वडिलांना दानात मिळालेली. १९१८ साली तापाची साथ आली. घाटावर यजमान फिरकेनात, शेतावर नांगर धरणारा हलवाहा दगावला, दुसरा माणूस मिळेना, आणि जमिनीचा वाफसा तर चालला हातचा! शेवटी ढुंढिराजांनी धोतराचा काचा मारला आणि स्वतःच नांगराची मूठ धरली.

झालं! काशीतल्या ब्राह्मणानं नांगर धरला म्हणजे बुडालाच की धर्म. पणजे कोकणात चिखल तुडवत होते, ते कुणाला आठवतंय? घाटावरच्या बिंदुमाधवशास्त्र्यांनी आठल्यांना पंगतीतून उठवलं. त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंची हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ढुंढिराजांना पंगतीचं सोयरसुतक नव्हतं. पण संक्रांतीला नटूनथटून निघालेल्या बायकांकडे बायको खिडकीतून बघत राहायची, ते त्यांच्या काळजाला लागायचं.

नांगर काही सुटला नाही. मटार पिकवता पिकवता ते शेजाऱ्यांचे साऱ्याचे अर्जही लिहून देऊ लागले. पुढे 'पंडितजी मटर भी जानते हैं, कानून भी' म्हणत पलीकडच्या गावांनी त्यांना लखनौच्या कायदेकौन्सिलात निवडून दिलं. मग काय, घाटाला एकदम आपलं माणूस आठवलं. शास्त्रीबुवा स्वतः जिना चढून आले.

"मेंबरसाहेब, लहानसं प्रायश्चित्त घ्या. पंचगव्य प्या, पुन्हा नांगराला शिवणार नाही एवढं म्हणा. संक्रांतीला वहिनींना पहिलं बोलावणं आमच्याकडचं."

नांगर सोडायचं ढुंढिराजांच्या अगदी जिवावर आलं. पण बायकोला आणखी किती वर्षं तिष्ठत ठेवायचं?

"घेतो," ते म्हणाले.

अंबिकाबाई पाणी घेऊन आल्या होत्या. लोटा खाली ठेवून म्हणाल्या, "मग दोन वाट्या आणा. हे नांगरत होते, तेव्हा मागून नांगराच्या तासात मटार मी पेरत होते."

शास्त्रीबुवांनी कानांवर हात ठेवले.

"अगं, गप्प बस," ढुंढिराज पुटपुटले.

"आठ वर्षं गप्पच होते. बोलावणं मला हवंय हो, फार हवंय. पण ते पाप होतं असं कबूल करून नको. त्या साली त्याच मटारावर आपली लेक शरदिनी जगली."

शास्त्रीबुवा पाण्याला हात न लावता जिना उतरले.

संक्रांतीला बोलावणं आलं नाही. अंबिकाबाई नवं लुगडं नेसल्या आणि दिवसभर रडल्या. लखनौला कौन्सिल भरलं होतं. मेंबरांनी तिकडची गाडी जाऊ दिली आणि बायकोजवळ बसून राहिले.