मार्थामावशींची झावळी आणि माझा अलार्म

मंडळी, आज फार थकलेय, तरी लिहिते.

भिंगारमध्ये आमच्या शेजारी मार्थामावशी राहतात. दुपारी त्या येशूच्या फोटोमागची वाळकी झावळी काढत होत्या. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणून जपलेली.

"परत चर्चात द्यायची. जाळून राख करत्यात, ती राखेच्या बुधवारी कपाळाला लावत्यात. आपली बी मातीच व्हनार, म्हनून."

"मावशी, जिवावर येत नाही?"

"येतं की. पन समद्यांनीच घरात ठेवली, तर राख कशाची करायची गं?"

मी दर रविवारी बुद्धविहारात अनिच्च म्हणते, म्हणजे काहीच टिकत नाही. आई जाऊन वर्ष झालं. तिच्या गोळीचा अलार्म माझ्या मोबाईलवर रोज संध्याकाळी वाजतो.

आत्ता लिहितानाही वाजला. थांबवला, पण काढून टाकला नाही.

तुमच्याकडे कुणाचा वाजतो?