झाडूकाकाचा अंगठा

माह्या पोरीच्या लगनाच्या कागदावर झाडूकाकाचं नाव येऊ दिलं नाही, ते मीच. कोनी माहा हात धरला नव्हता. आता गावभर जावयाले, देवेंद्रले, शिव्या देत फिरून राहिलो, पन पहिली शिवी मलेच लागते.

झाडूकाका माह्या बापाचा चुलतभाऊ. सालेकश्याकडच्या आमच्या चार-पाच गावांत गोंडायची लगनं चाळीस वर्षांपासून तोच लावतो. वाचता येत नाही, पन कोन्या घराचे देव किती, हे त्याच्या तोंडावर. आमच्यात सहा देववाल्यानं सहा देववाल्याच्या घरची पोरगी करायची नाही, म्हनून सोयरीक ठरायच्या आधी मानसं काकाले विचारून जातात. लगनात तो मांडवाच्या मधात मोहाची फांदी गाडतो, दोन्ही घरच्या देवायले हाका मारतो आन नवरा-नवरीले उजवीकडून डावीकडे सात फेरे फिरवतो. कोनी शहरात पाहून आलेला पाहुना उलटा फिरवाले गेला, तं भर मांडवात त्याची फजिती करतो. दक्षिना मागत नाही. एक नारळ आन एक दुपट्टा, बस.

माही दिव्या सहा देवायची, देवेंद्र सात देवायचा. देवेंद्रले तेव्हा नुकतीच रेल्वेत नोकरी लागली होती, आन माहे पाय जमिनीवर नव्हते. लगन काकानंच लावलं. आठ दिवसांनी नोंदनीसाठी ग्रामसेवक साहेब माह्या ओसरीवर येऊन बसले. फॉर्मात लगन लावनाऱ्याच्या सहीची एक जागा होती. साहेबानं सरळ सांगितलं, ज्यानं लावलं त्याचीच सही घ्या, अंगठा असला तरी चालते. काका बाजूलेच बसला होता, त्यानं शाईच्या पेटीवर अंगठा दाबला बी होता.

तेवढ्यात देवेंद्र म्हनाला, ऑफिसात अंगठ्याचा कागद बरा दिसत नाही. गोंदियात त्याच्या ओळखीचा एक पंडित आहे, शिक्का मारून सही करून देईल. मी काकाकडं पाहिलंच नाही. जावई रेल्वेवाला ना! म्हनलं, तुमच्या मनासारखं होऊ द्या. साहेबाले म्हनलं, पुढच्या हप्त्यात या. काकानं अंगठ्याची शाई धोतराले पुसली आन चहा न घेता उठून गेला. चार दिवसांनी देवेंद्रनं शिक्का मारलेला फॉर्म आनला. मी डोळे झाकून त्यावर साक्षीदार म्हनून सही केली, आन साहेबापुढं म्हनलं, लगन याच पंडितानं लावलं.

दोन वर्षांनी देवेंद्रनं दिव्याले माहेरी आनून सोडलं. दिवाळीले नेतो म्हनाला. दिवाळी गेली, होळी गेली, आन कळलं का त्यानं शहरातली दुसरी पोरगी पाहून ठेवली. दिव्यानं पोटगीसाठी कोर्टात अर्ज केला. त्याचं उत्तर आलं ते वकिलानं वाचून दाखवलं. तो म्हने, लगन झालंच नाही, फक्त साक्षगंध झालं, साखरपुडा. कागद खोटा आहे. आन त्या पंडितानं लिहून दिलं का मी त्या गावात कधी गेलोच नाही.

खरंच तं होतं ते. नव्हताच गेला. ज्यानं खोटा कागद आनला तोच आता त्याले खोटा म्हनून राहिला. बाकीचे दोन साक्षीदार त्याचेच भाऊबंद, ते फिरले. आन खोट्यावर सही करनारा मी, माह्या बोलन्याले कोन विचारते? पोरगी भिंतीले पाठ लावून बसली. म्हनाली, "बाबा, मी बायको आहो का नाही, तेवढं कोनीतरी सांगा."

काका मोहाखाली फुलं वेचून राहिला होता. मी कसंबसं सारं सांगितलं, कोर्टात जबानी द्याले चाल म्हनलं. त्यानं टोपलीवरून मान वर केली नाही.

"तुह्यासाठी येत नाही," म्हनाला. "पोरीसाठी येतो."

तारखेले देवेंद्र आपल्या मायले, मंगलीले, घेऊन आला होता. साक्षगंधच झालं, असं तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. त्याच्या वकिलानं काकाले विचारलं, लगन लावाचा परवाना आहे काय तुमच्याकडे? न्यायाधीश बाई मधातच बोलल्या का असा परवाना लागत नाही, त्यायच्या समाजाच्या रीतीनं लगन झालं का, तेवढंच पाहायचं. काकानं फांदी, देव, फेरे, सारं सांगितलं. मग देवेंद्रकडं बोट केलं.

"याच्या मायबापाचं लगन मीच लावलं. तिथं तं कागदच नव्हता. मी लावलेलं लगन लगन नसन, तं ही मंगली कोनाची बायको?"

मंगलीनं पदर तोंडावर ओढला. देवेंद्र मोबाईल काढून पाहत बसला. त्याचा वकील खाली बसला.

निकाल अजून लागाचा आहे. वकील म्हनतात, आशा आहे. पन मले त्या दिवसाचं दुसरंच खाते. काकाची जबानी लिहून झाली, कारकुनानं वाचून दाखवली आन शाईची पेटी पुढं केली. काकानं अंगठा दाबला, कागदाच्या वर आनला, आन तिथंच थांबला. भर कोर्टात मागं वळून माह्याकडं पाहिलं.

"दुधराम, लावू काय?" म्हनाला. "का पुसू?"