फोटोपुरता पलंग

"ए योजना, ओढणी काढ. टक्कल दिसलं पाहिजे."

मोबाइल रोखून दवाखान्यातला माणूस मला सांगत होता. जळगावातला हा छोटा कॅन्सरचा दवाखाना. सरकारी विम्यावर आलेल्या सगळ्यांचं इथे एकच नाव, योजना. शेजारच्या पलंगावरच्या पैसे भरणाऱ्या बाई मात्र मॅडम.

मी ओढणी काढली. अंगाची नुसती आग झाली. केस गेल्यापासून मी नवऱ्यासमोरही डोकं उघडं केलं नव्हतं.

एरवी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवूनच औषध चढवायचे. पलंग मिळाला तो फोटोसाठी. त्याने हातावर सुई ठेवली, वरून चिकटपट्टी लावली, बाटली टांगली. फोटो काढला. सुई टोचलीच नव्हती.

"उठ आता. औषध आलं नाही. पुढच्या आठवड्यात ये."

"मग फोटो कशाचा?"

"सरकारला पाठवायचा. त्याशिवाय दवाखान्याला पैसे मिळत नाहीत."

"माझं औषध लाल असतं. यात तर पाणी आहे."

"फोटोत रंग कोण बघतं?"

मॅडमच्या बाटलीतून लाल औषध उतरत होतं. आलं नाही, तर ते कुठून आलं? माझ्या नावावरचं तर नसेल? शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दारात पारोळ्याच्या अक्का उभ्या होत्या. त्याही योजनेवरच्याच, पुढचा नंबर त्यांचा. पदर आधीच डोक्यावरून काढलेला. हळूच म्हणाल्या, "मागला खेपले मना बी असाच फोटो काढा. सुई टोचीच नही. फुकटनं शे माय, काय बोलसू?"

फुकटचं. याच शब्दाने मलाही आजवर गप्प बसवलं होतं. त्या दिवशी मात्र डोकं सणकलं. फुकटचं होतं, तर माझ्या टकलाचा फोटो कशाला हवा होता?

मी पाय वर घेऊन पलंगावर बसले.

"सुई टोच. लाल औषध चढल्याशिवाय उठणार नाही."

"योजनेतून नाव कापलं जाईल."

"काप. आधी तो फोटो पुस."

त्याने फोटो पुसला नाही. डॉक्टरांना बोलावून आणलं. दोघं कोपऱ्यात कुजबुजले. थोड्या वेळाने नसलेलं औषध सापडलं. तोवर अक्कांनी पदर परत डोक्यावर घेतला होता.

लाल थेंब हातात उतरताना दिसत होते, तरी माझा विश्वास बसेना. या औषधाने लघवी लाल होते. भुसावळला घरी येऊन ती पाहिली, तेव्हा विश्वास बसला. आपल्याच औषधाची खात्री अशी करून घ्यावी लागते, याची चीड अजून जात नाही.

आता अक्का आणि मी एकाच दिवशी जातो. एकीला चढतं, दुसरी पलंगाशी उभी राहते. आधी सुई, मग फोटो. डोक्यावरचं काढणार नाही. आणि हाक मारायची तर नावाने मारायची. योजना म्हटलं, तर मी मान वळवत नाही.