काउंटरवर केळीचं पान

द्वारकाअक्का पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी फोनची किंमत विचारली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला केळीच्या पानाचा वीतभर तुकडा काचेच्या काउंटरवर पसरला आणि म्हणाल्या, "पोरी, याचा फोटो काढून दाखव."

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन जळगावच्या बसस्थानकाजवळ एका मोबाइलच्या दुकानात विक्रीच्या कामाला लागले होते. कॅमेऱ्याचे फोन तेव्हा नवे होते. लोक यायचे, एकमेकांचे फोटो काढायचे, रिंगटोन वाजवून बघायचे. पान घेऊन कोणी आलं नव्हतं. मी सगळ्यात जास्त खपणारा फोन पानावर धरून बटण दाबलं. अक्कांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि फोन परत दिला.

"हे तं पान नही, हिरवं लुगडं आहे. यातल्या पिवया रेघा कुठं गेल्या?"

मी दुसरा फोन काढला. "हा बघा अक्का. यात रेडिओ आहे, ब्लूटूथ आहे, पडद्यावर हजारो रंग दिसतात."

"मले दोनच रंग पाहिजे. हिरवा अन् पिवया. ते येगयेगये दिसले पाहिजे."

पाच-सहा फोन बघून त्या काही न घेता निघून गेल्या. पुढच्या शनिवारी ताजं पान घेऊन पुन्हा हजर. पन्नाशी उलटलेली काटक बाई, अंगावर कडक नऊवारी, नाकावर जाड भिंगाची चाळिशी. त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मी विचारलं, "अक्का, पानाचा फोटो कशाला हवाय?"

त्यांनी सगळं सांगितलं. असोद्याला त्यांची केळीची बाग होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच बघत होत्या; बांधाला लागून धाकट्या दिराची, नामदेवभाऊंची बाग. केळीवर दोन रोग येतात, एक करपा आणि दुसरा हरण्या. दोन्हींची सुरुवात पानावरच्या बारीक पिवळ्या रेघांनी होते. पण करप्याला पान कापून फवारणी करायची असते, आणि हरण्याला औषधच नसतं. अख्खं झाड उपटून टाकावं लागतं. मागल्या वर्षी रेघा दिसल्यावर अक्का पान घेऊन भुसावळला राहणाऱ्या एका शेतीतज्ज्ञाकडे गेल्या. सगळे त्यांना सर म्हणत. बस बदलत पोहोचेपर्यंत पान वाळून तपकिरी झालं होतं. सर म्हणाले, यावरून काही सांगता येणार नाही. गावातल्या जाणत्यांनी करपा सांगितला. अक्का फवारत राहिल्या. नंतर कळलं, तो हरण्या होता. दोन महिन्यांत अर्धी बाग गेली.

"झाडावरलं जित्तं पान सरच्या डोयापुढं गेलं पाहिजे," अक्का म्हणाल्या. "झाड काही बसमधी बसत नही."

मग मलाच त्या पानाचा नाद लागला. एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी रेघोट्या ओढल्या आणि प्रत्येक फोनपुढे लिहीत गेले: जवळून कसा, रंग खरा की निळसर, मेमरी कार्ड बसतं का, बॅटरी किती टिकते. मालक कुरकुरायचे, पण अक्कांच्या तोंडाला लागायचे नाहीत. अक्कांनी एकदा मला भर दुपारी रस्त्यावर उभं केलं. "बागात ट्यूबलाइट नही राहत. उनात दाखव." उन्हात दोन महागड्या फोनच्या पडद्यांवर काहीच दिसेना. मी पुठ्ठ्यावर त्यांच्यापुढे फुली मारली.

दोन मेगापिक्सेलचा, झाकण वर सरकणारा एक फोन तेव्हा दुकानाची शान होता. मी म्हटलं, "अक्का, सगळ्यात भारी हाच."

"तुह्ये पिक्सेल ऱ्हाऊ दे. मले रेघ दाखव." झाकण दोनदा वरखाली करून म्हणाल्या, "अन् या खाचेत माती जाईन."

अडचण एकच उरली. पान वीतभर अंतरावर आणलं की सगळे फोन सारखेच आंधळे व्हायचे. लांबून घ्यावं तर रेघ दिसत नाही, जवळून घ्यावं तर सगळं पुसट. मी हात टेकले होते. तेव्हा अक्कांनी नाकावरची चाळिशी काढली, एक काच कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "मले याच्याबिगर जवयचं दिसत नही. यालेही दिसत नसीन. दाब."

मी बटण दाबलं. पडद्यावर रेघ आली. नुसती रेघ नाही, तिची तुटक कड, शेजारची शीर, सगळं. मी विज्ञानाची पदवीधर. भिंगाचे नियम पाठ करून पास झालेली. मला हे सुचलं नव्हतं. आम्ही चाळिशी एकेका फोनपुढे धरून पुठ्ठ्यावरचे सगळे फोन पुन्हा तपासले. शेवटी अक्कांनी एक पॉइंट तीन मेगापिक्सेलचा, कार्ड बसणारा, मोठ्या बटणांचा साधा फोन घेतला. त्याचा हिरवा रंग सगळ्यात खरा होता.

श्रावणात एका सकाळी त्या दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या दिसल्या. कार्डात सतरा फोटो होते. मी ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतले आणि सरांना ई-मेलने पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला. मी तो अक्कांच्या हाती दिला. त्या उभ्यानेच ऐकत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा "बरं." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "हरण्या. तीन ओयी उपटा म्हने. आजच्या आज."

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. बांधावर नामदेवभाऊ आडवे आले. त्यांच्याही बागेत त्याच रेघा होत्या. "वहिनी, फोटो पाहून हिरवी झाडं उपटतं का कोन्ही? लोक हासतीन."

"हासू दे. गेल्या सालले कोन्ही हासलं नही, अन् बाग गेली."

तीन ओळींतली कमरेएवढी झालेली झाडं त्यांनी दोन मजुरणींना घेऊन मुळासकट काढली आणि बागेपासून लांब खड्डा करून पुरली. मी विचारलं, "वाईट वाटलं असेल ना?"

"रडले न व माय. पन हात थांबू देला नही."

दिवाळीपर्यंत नामदेवभाऊंची बाग पिवळी पडली. अक्कांची उभी राहिली. त्यानंतरही चार झाडं रोगट निघाली, तीही त्यांनी वेळीच काढली. दिवाळीनंतर नामदेवभाऊ दुकानात आले. खाली बघत म्हणाले, "वहिनीनं पाठवलं. तो चष्मावाला फोन द्या." अक्कांनी त्यांना एका शब्दाने टोचलं नव्हतं. उलट फोटो कसा काढायचा ते शिकवायला स्वतः त्यांच्या बागेत गेल्या. मग गावातल्या बायका फोन घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या, आणि अक्कांचं ओसरीवर बसणं कमी झालं. कोणाच्या ना कोणाच्या बागेत त्या वाकलेल्या असायच्या.

पुढे माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. गाठीभेटी कमी झाल्या, फोन चालू राहिले. दोन वर्षांपूर्वी नामदेवभाऊंनी कळवलं की वहिनी अंथरुणाला खिळल्या आहेत. मी असोद्याला गेले. अक्का फार बारीक झाल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं, माझ्या मुलीचं नाव विचारलं. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली एक तरुण बाई घाईघाईने आत आली. तिने आपला मोठा, चकचकीत फोन अक्कांच्या तोंडापुढे धरला. पानाचा इतका स्पष्ट फोटो मी कधी बघितला नव्हता.

"अक्का, काय आहे हे? सांगा ना. तुमाले सगयं समजते."

अक्कांनी मान कलती करून फोटो बराच वेळ पाहिला. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो पानं बघितली होती. त्यांनी नुसतं नाव घेतलं असतं तरी ती बाई त्यावर आपली सगळी बाग उपटायला तयार झाली असती.

"मले समजत नही, माय," अक्का म्हणाल्या. "ही रेघ मी याच्याआंधी पाह्यली नही. अंदाजानं सांगू नही. सरले पाठव, अन् ते सांगतीन तवर झाडाले हात लावू नको."

ती बाई गेली. अक्कांनी डोळे मिटले. त्या गेल्या ते त्यानंतर आठ दिवसांनी.

ती रेघ नव्याच रोगाची निघाली, असं मला नामदेवभाऊंनी फोनवर सांगितलं. सरांनी सांगितलेल्या उपायाने त्या बाईची बाग वाचली.