गुडघा दुखणारी

हळदीकुंकवाला शेजारची नवी सून भिंतीला टेकून उभीच होती. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाली, "नको काकू, गुडघा दुखतोय."

गुडघा दुखणारी बाई आधी खुर्ची शोधते. पण चारचौघींत गुडघ्याचं नाव घेता येतं. ओटीपोटाच्या खाली, बसायच्या जागी ठणकतं ते कोण सांगणार? तीन वर्षं मीही गुडघाच पुढे केला. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "तिथले स्नायू आखडलेत. ते सैल सोडायला शिका." जन्मभर अंग चोरून बसलेल्या मला ते शिकायला सहा महिने लागले.

वाण देताना मी तिच्या कानाशी म्हटलं, "मीही गुडघाच सांगायचे गं. आता खुशाल मांडी घालून जेवते."

ती वाण हातात धरून जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे, हे बरं होतं?"